पिकाचा पंचनामा होतो, पोराच्या मनाचा कोण करणार?

शेतीच्या पानावर शाळेचा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. सोयाबीनला भाव नाही, आल्याला कंदकूज लागली आहे, ऊसतोडीला टोळी मिळत नाही, आणि हे साहेब पोरांच्या रागालोभावर लिहीत बसलेत! असं वाटणं साहजिक आहे. पण शेती खात्याचं काम ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे की, बांधावर उभं राहून नुसतं पिकाचं बोलणं होत नाही. बोलणं पिकावरून कर्जावर जातं, कर्जावरून भाऊबंदकीवर, आणि तिथून घरातल्या पोरांवर. "पोरगं हल्ली बोलतच न्हाय वो", "मोबाईल काढून घेतला तर ताट भिरकावलं", "दहावीला दोन विषय ऱ्हायलं, तवापास्नं घरात तोंड दावत न्हाय" अशी वाक्यं आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात ऐकायला मिळतील. खताच्या मात्रेबद्दल विचारणारा माणूस जाता जाता हळूच हे विचारतो. त्याचं उत्तर आमच्या पदविकेच्या पुस्तकात नव्हतं.

अवकाळी पाऊस झाला, गारपीट झाली की तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही मिळून पंचनामे करतो. त्या कागदाला पिकाचा रकाना असतो, क्षेत्राचा असतो, नुकसानीच्या टक्केवारीचा असतो. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर मदत, खाली असेल तर नाही. पण ज्या घरात उभं पीक आडवं झालं, त्या घरातलं चौथीतलं पोर दाराच्या चौकटीला धरून सगळं ऐकत उभं असतं. बाप का ओरडतोय, आई का जेवली नाही, उद्या काय होणार, हे त्याला कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी ते शाळेत जातं, शेजारच्या पोराला कंपास टोचतं आणि गुरुजींचा मार खातं. त्याचा रकाना कोणत्याच कागदात नाही.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या मनात काय चाललंय ते ओळखणं, त्याला नाव देणं आणि आवरणं या गोष्टी शाळेत शिकवता येतात, शिकवल्या पाहिजेत. त्यात गावाचाही वाटा असला पाहिजे.

गिरणगावानं दाखवलेला धडा

हा विषय नवा, शहरी, पुस्तकी आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आधी मुंबईतल्या एका चौकाकडे जाऊ. दादर पूर्वेकडून परळकडे येताना डॉ. आंबेडकर मार्गावर हिंदमाता लागतं. जुन्या हिंदमाता सिनेमावरून चौकाला हे नाव पडलं. आज लोक ते कापडबाजारासाठी आणि पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यासाठी ओळखतात. आपल्या भागातल्या जुन्या माणसांची ओळख वेगळी आहे. परळ, लालबाग, नायगाव, शिवडी हा सगळा गिरण्यांचा पट्टा. पाटण, जावळी, खटाव, तसंच कोकण, सांगली, कोल्हापूर इथली हजारो माणसं तिथं साच्यावर उभी होती. गावाच्या नावानं एकेक खोली असायची, एका खोलीत पाळीपाळीनं वीस-वीस माणसं झोपायची, आणि महिन्याच्या मनीऑर्डरीवर इकडची चूल पेटायची.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि माणसं विखुरली. पगारावर, बोनसवर, गिरण्यांच्या जमिनींवर पुष्कळ लिहिलं गेलं. घराच्या वाट्याला काय आलं हे त्या मानानं कमी लिहिलं गेलं. कितीतरी कामगारांनी बायकामुलं गावी धाडली. मुंबईच्या शाळेत सहावीत असलेलं पोर अर्ध्या वर्षात गावच्या शाळेत येऊन बसलं. त्याचे मित्र गेले, बोलण्याची ढब वेगळी म्हणून चिडवणं वाट्याला आलं, आणि ज्या बापाला त्यानं रुबाबात कामावर जाताना पाहिलं होतं तो बाप ओट्यावर गप्प बसलेला दिसू लागला. जी मुलं मुंबईत राहिली, त्यांनी बापाला दारूकडे वळताना आणि आईला चार घरची भांडी घासताना पाहिलं. पुढच्या काळात गिरणगावातली काही तरुण पोरं टोळ्यांच्या नादी लागली, हेही त्या पिढीनं पाहिलं.

या मुलांशी त्या वेळी कोण बोललं? शाळेत गणित चालू होतं, इतिहास चालू होता. "तुझ्या घरी काय चाललंय, तुला कसं वाटतंय?" हा प्रश्न विचारणं शाळेचं काम आहे असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. शिक्षकांना दोष देण्याचं कारण नाही; तशी पद्धतच नव्हती. पण परिणाम आपण पाहतो आहोत. त्या काळी दहा-बारा वर्षांची असलेली पोरं आज पन्नाशी ओलांडून गेली. त्यांच्यातले काही आज आपल्याच गावात शेती करतात. त्यांच्यापैकी एकानं मला सांगितलं, "वडील आमच्यासंगं बोललं न्हाईत, आन् आमाला पोरासंगं बोलायचं म्हंजे काय ते ठावंच न्हाय." न बोललेलं दुःख असं एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरतं. तण वेळेवर काढलं नाही तर त्याचं बी पुढच्या हंगामाला तयारच असतं.

याच गिरणगावात दुसरं उदाहरणही आहे. नारायण सुर्वे यांना तान्हेपणी रस्त्यावरून उचलून घरी आणलं ते गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं. पुढे ते कवी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाले, आणि महापालिकेच्या शाळेत शिपाई व नंतर शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केलं. एका गरीब घरानं दिलेली माया माणसाला कुठवर नेते, ते यातून दिसतं. पण प्रत्येक पोराला गंगाराम भेटेलच असं नाही. म्हणून ते काम नशिबावर न सोडता शाळेनं थोडंफार हाती घ्यायला हवं.

हिंदू कॉलनीतून कोसबाडच्या टेकडीवर

हिंदमाताजवळच दादरची हिंदू कॉलनी आहे. ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला होता. या मंडळींनी शिक्षणातून दोन गोष्टी हद्दपार केल्या : भीती आणि लालूच. मार नको, आणि बक्षिसाचं आमिषही नको. मूल स्वतःच्या मनावर स्वतः ताबा ठेवायला शिकलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांच्या बालमंदिरांत मॉन्टेसोरी पद्धतीतला शांतीचा खेळ असे. खोलीतली सगळी मुलं काही क्षण अगदी स्तब्ध बसतात. हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, लांबचा आवाज ऐकायचा. मग बाई हळू आवाजात एकेकाचं नाव घेतात आणि त्या मुलानं आवाज न करता उठून जायचं. चार वर्षांचं पोर, ज्याला घरी घटकाभर गप्प बसवता येत नाही, ते या खेळात आपण होऊन गप्प बसतं. "गप्प बस" असा हुकूम ऐकून गप्प बसणं निराळं आणि स्वतःला आवरून गप्प बसणं निराळं. पुढे आयुष्यात उपयोगी पडतं ते दुसरं.

ताराबाईंना हे काम शहरातल्या सुस्थितीतल्या घरांपुरतं ठेवायचं नव्हतं. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथं येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. मुलं शाळेत येईनात, तेव्हा बाई पाड्यावर गेल्या, अंगणात बसल्या. मुलांना आंघोळी घातल्या, केस विंचरले, गोष्टी सांगितल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीची कल्पना याच कामातून आली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं.

आपल्या अंगणवाडीचं मूळ असं आहे. तिला आपण खिचडीचं आणि वजनकाट्याचं ठिकाण करून ठेवलं, हे आपलं दुर्दैव. वजन मोजलंच पाहिजे. पण ज्यांनी अंगणवाडी काढली त्यांच्या डोळ्यांसमोर आधी मुलाच्या मनातली भीती घालवणं होतं. अक्षरं त्यानंतर.

आपल्याच राज्यातली अलीकडची उदाहरणंही आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं. ज्या पोराच्या अंगावर घर कोसळलं, त्याला पाढ्यांच्या आधी निवांत झोप हवी, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्याच मुथ्था यांच्या पुढाकारानं २००९ साली बीड जिल्ह्यातल्या सुमारे ५०० शाळांत 'मूल्यवर्धन' कार्यक्रम सुरू झाला आणि नंतर तो राज्यभरातल्या जिल्हा परिषद शाळांत पसरला. बीड म्हणजे ऊसतोड मजुरांचा जिल्हा. तिथली मुलं सहा महिने आपल्या सातारा-सांगलीच्या फडांवर असतात. आपल्या उसाच्या फडाशेजारी पालात राहणाऱ्या त्या मुलांना आपण कोणत्या नजरेनं पाहतो, हाही या विषयाचाच एक भाग आहे.

आधी ओळख, मग उपाय

आता शेतीच्या भाषेत सांगतो. शेतकरी एक पिवळं पान घेऊन येतो आणि म्हणतो, "साहेब, पान पिवळं पडलंय, काय मारू?" मी लगेच औषध सांगितलं तर चुकेल. पान नत्र कमी पडल्यानं पिवळं पडतं, लोह कमी पडल्यानं पडतं, मुळाशी पाणी साचल्यानं पडतं, मूळकूज झाल्यानंही पडतं. नत्राची कमतरता जुन्या पानांवर आधी दिसते, लोहाची कोवळ्या पानांवर. पाणी साचलेल्या पिकाला युरिया टाकला तर पैसे गेले आणि पीकही गेलं. म्हणून आधी ओळख, मग उपाय.

पोराचं वागणं म्हणजे ते पिवळं पान. पोर मारामारी करतं, आपण म्हणतो "रागीट आहे". पण रागाखाली काय आहे? एखाद्याला सकाळपासून पोटात काही नाही. एखाद्याला सगळ्यांसमोर "ढ" म्हटलं गेलंय, त्याची लाज आहे. एखाद्याला घरी बापाची धास्ती आहे. एखादीला धाकट्या भावाचे लाड पाहून हेवा वाटतोय. चारही जणांना एकच औषध, म्हणजे छडी, दिली तर एकाचाही रोग बरा व्हायचा नाही.

आपल्या मराठीत या गोष्टींना केवढे शब्द आहेत! राग, चीड, संताप, रुसवा, हिरमोड, धास्ती, हुरहुर, हेवा, खंत, संकोच, ओशाळणं, कासावीस होणं. म्हाताऱ्या आज्या हे शब्द सहज वापरतात. पोरांच्या तोंडी मात्र आता "टेन्शन आलंय" आणि "डोकं सटकलंय" एवढे दोनच राहिले आहेत. ज्याला हिरमोड आणि संताप यातला फरक सांगता येतो, त्याला पुढचं पाऊलही सुचतं. हिरमोड झाला तर कुणाजवळ तरी बसावं. संताप आला तर जरा दूर जावं. शब्द नसला की हात उगारला जातो.

आवरणं म्हणजे दाबणं नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. पुन्हा हिंदमाताकडे जाऊ. तो भाग बशीसारखा खोलगट आहे. चहूबाजूंचं पाणी तिथं येतं. पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की नाल्यातून पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. वर्षानुवर्षं रस्त्यावर पाणी तुंबायचं. महापालिकेनं २०२१ पासून जवळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली मोठ्या टाक्या बांधायला घेतल्या. पाणी पंपानं टाकीत घ्यायचं, ओहोटी लागली की सोडून द्यायचं. सगळा प्रश्न सुटला असं नाही, पण विचार बरोबर आहे. पाऊस थांबवता येत नाही, भरती थांबवता येत नाही. पाण्याला थोडा वेळ थांबायला जागा करता येते. आपणही शिवारात शेततळं आणि नालाबांध करतो ते याच विचारानं.

रागाचं तसंच आहे. राग येणारच. पोराला शिकवायचं ते एवढंच की, राग आल्या आल्या हात चालवायचा नाही. दहा लांब श्वास मोजायचे, घोटभर पाणी प्यायचं, शाळेच्या आवारातल्या लिंबाला एक फेरी मारून यायचं, आणि मग बोलायचं. मनातल्या मनात कायमचं साठवून ठेवायला सांगू नये. टाकीतलं पाणी बाहेर काढलंच नाही तर पुढच्या पावसाला टाकी भरलेलीच सापडेल. म्हणून निवळल्यावर बोलणंही तेवढंच महत्त्वाचं.

कुणी शिकवायचं?

इथं खरी अडचण आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा दोन शिक्षकी आहेत. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाईन माहिती भरणं, हे सगळं त्यांच्याच गळ्यात. त्यात आणखी एक विषय टाकला तर ते तरी काय करतील? एक परिपत्रक येईल, एक प्रशिक्षण होईल, एक फोटो वर पाठवला जाईल आणि विषय संपेल. आमच्या खात्यातही अशा योजना येऊन गेल्या आहेत. वाचकांना सांगायला नको.

याबाबत एक पाहणी फार उपयोगी आहे. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगथ' संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काही शाळांत हे काम तिथल्याच शिक्षकाकडे दिलं. काही शाळांत त्यासाठी वेगळी व्यक्ती नेमली. ती डॉक्टर नव्हती, मानसशास्त्रज्ञ नव्हती, साधी प्रशिक्षित स्थानिक व्यक्ती होती. काही शाळांत यातलं काहीच केलं नाही. जिथं वेगळी व्यक्ती होती तिथं दादागिरी, मारामारी आणि मुलांमधली उदासी कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. जिथं शिक्षकावरच भार टाकला होता तिथं फारसा फरक पडला नाही.

आम्हा विस्ताराच्या कामातल्या माणसांना यात नवल वाटत नाही. गावातला कृषीमित्र, गावातला प्रगतशील शेतकरी जे सांगतो ते लोक ऐकतात. वरून आलेलं पत्रक ऐकत नाहीत. एका प्लॉटवरचं प्रात्यक्षिक दहा भाषणांपेक्षा भारी पडतं.

म्हणजे या कार्यक्रमाचा फायदा होतो की नाही? चांगला राबवला तर होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २१३ शालेय कार्यक्रमांचा आणि सुमारे २ लाख ७० हजार मुलांचा एकत्र हिशेब मांडला होता. मुलांचं वागणं तर सुधारलंच, पण अभ्यासातही ती पुढे गेली; शंभरांच्या रांगेत पन्नासाव्या जागी असलेलं मूल साधारण एकसष्टाव्या जागी जावं एवढी. तेव्हा "यानं अभ्यास बुडेल" ही भीती खोटी आहे. पण उलटही एक उदाहरण सांगायला हवं. ब्रिटनमध्ये ऐंशीवर शाळांतल्या आठ हजारांवर मुलांना शिक्षकांमार्फत ध्यानाचे पाठ दिले गेले. २०२२ साली निकाल आला, त्यात वेगळा असा फायदा दिसला नाही. म्हणजे डोळे मिटून बसवलं की झालं, असं नाही. पावडर बदलून पीक सुधारत नाही, मशागत नीट लागते.

आपल्याकडे शासनानंही पावलं टाकली आहेत. दिल्लीत २०१८ साली सरकारी शाळांत 'हॅपिनेस'चा तास सुरू झाला. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेत शालेय आरोग्य कार्यक्रम आणला. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना तयार करायचं आणि ११ विषय शिकवायचे. भावनिक आरोग्य हा त्यातला एक विषय. २०१५ साली राज्य शासनानं विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. तो बापासाठी होता, चांगलंच झालं. पण त्या बापाला लहानपणी कुणी हे शिकवलं असतं तर? आमच्या भाषेत याला बीजप्रक्रिया म्हणतात. पेरणीआधी बियाण्याला औषध चोळायला खर्च थोडा येतो. ती टाळली की पुढे फवारण्यांवर हजारो जातात, आणि तरी पीक हाती येईल याची खात्री नाही.

लोक काय म्हणतात

गावात हा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं : "आमी मार खाऊनच शिकलो, काय बिघडलं आमचं?" वडीलधाऱ्यांचा मान राखून सांगतो, मार खाऊन शिकलेले आपल्याला दिसतात; मार खाऊन शाळा सोडलेले दिसत नाहीत, कारण ते चावडीवर बोलायला येत नाहीत. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. छडी तर काढली, पण तिच्या जागी काय द्यायचं ते शिक्षकाला आणि पालकाला कुणी दिलं नाही. ती जागा रिकामी आहे, म्हणूनच हा विषय हवा.

दुसरं म्हणणं : "असल्यानं पोरं मऊ पडतील. शेतकऱ्याचं पोर घट्ट पाहिजे." घट्ट पाहिजे हे खरं. पण घट्ट म्हणजे काय? घरात नुकसान झालं तरी शांत डोक्यानं पुढची पेरणी ठरवणारा माणूस घट्ट, की रागाच्या भरात बांधावरून भावाच्या डोक्यात दगड घालणारा? फौजदारी दाव्यांच्या तारखांना गेलेली जमीन आपण पाहिली आहे. मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. "मर्दानं रडू नये" असं सांगून वाढवलेला मुलगा पुढे अडचणीत आला की कुणालाच काही सांगत नाही. आणि आपल्याकडे फास घेणाऱ्यांत पुरुषच जास्त का, याचा विचार गावानं करायला हवा.

तिसरं म्हणणं : "हे घरचं काम, शाळेचं न्हवं." मान्य. पण ज्या घरात दारू आहे, कर्जाची बोलणी आहेत, आई पहाटेपासून रोजगाराला आहे, त्या घराकडून ही अपेक्षा कशी करायची? घरानं शिकवलं तर उत्तमच. जिथं घर कमी पडतं तिथं शाळा.

गावाला काय करता येईल

शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ही समिती नुसती सह्यांपुरती ठेवू नका. तिच्यातून पुढच्या गोष्टी सहज होतात.

पहिली, सकाळची दहा मिनिटं. परिपाठानंतर मुलांनी गोल बसावं आणि एकेकानं आज कसं वाटतंय ते एका शब्दात सांगावं. न सांगायचं असेल त्यानं पुढं ढकलावं, जबरदस्ती नको. पंधरा दिवसांत शिक्षकाला कळतं, कोणतं पोर रोज "झोप झाली नाही" म्हणतंय.

दुसरी, भांडणानंतरचं काम. दोघांनाही शिक्षा करून मोकळं होऊ नये. प्रत्येकानं आधी दुसऱ्याची बाजू सांगावी, मग स्वतःची. गावच्या तंटामुक्त समितीला जे जमत नाही ते पोरांना लवकर जमतं.

तिसरी, एक माणूस. गावात बारावी, पदवी झालेल्या लेकीसुना आहेत, बचत गटाच्या ताई आहेत. त्यातली एक मायाळू, गुप्तता पाळणारी व्यक्ती निवडावी. आठवड्यातून दोन दिवस तिनं शाळेत बसावं. तिच्या प्रशिक्षणासाठी आणि थोड्या मानधनासाठी ग्रामपंचायतीनं महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून सोय करता येते का, हे ग्रामसेवकांनी तपासावं. त्या निधीतून दरवर्षी हळदीकुंकवाची भांडी घेण्यापेक्षा हे बरं. मात्र अशा व्यक्तीची पारख नीट करा; मुलाचं ऐकलेलं पाणवठ्यावर बोलणारी व्यक्ती नसलेलीच बरी.

चौथी, मोठ्या माणसांसाठी. पोराला दारूच्या दुकानात पाठवू नका. त्याच्या देखत कर्जाचं बोलावं लागलं तर दोन वाक्यांत त्याला समजावून सांगा : अडचण आहे, तुझा दोष नाही, आपण मार्ग काढतोय. पंचनाम्याला येणाऱ्या आम्हा मंडळींनीही दारातल्या पोराशी चार शब्द बोलावेत. त्याला रकाना लागत नाही.

पाचवी, जे शाळेच्या आवाक्याबाहेर आहे ते पुढे पाठवावं. पोर महिनामहिना बोलत नसेल, जेवत नसेल, मरणाची भाषा करत असेल तर देवर्षी, गंडेदोरे यात वेळ घालवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं. 'टेलिमानस'चा १४४१६ हा फुकट फोन २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. मुलांवर अत्याचार होत असेल तर १०९८. हे दोन आकडे शाळेच्या भिंतीवर, पाढ्यांच्या शेजारी रंगवून घ्यावेत.

हे सगळं एका वर्षात साऱ्या जिल्ह्यात होणार नाही, आणि तशी घाईही नको. तालुक्यातल्या दोन-तीन गावांनी आधी प्रात्यक्षिक करून दाखवावं. वर्षभर नोंद ठेवावी : गैरहजेरी किती घटली, मारामाऱ्या किती कमी झाल्या, दहावीनंतर किती पोरं घरी बसली. आकडे चांगले आले तर शेजारचं गाव आपण होऊन विचारायला येईल, जसं नव्या वाणाचं पीक पाहायला येतं.

१९८२ साली गिरणगावातून आपल्या गावात परतलेल्या मुलांना विचारणारं कुणी नव्हतं. आज अवकाळीनं, कर्जानं, ऊसतोडीनं हललेली मुलं आपल्याच शाळेत बसली आहेत, आणि या वेळी विचारता येईल असा कायदाही आहे, समितीही आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गटार, रस्ता आणि पाणीपट्टी असेलच. त्याखाली एक ओळ शाळेतल्या मुलांसाठी घालावी, एवढी सरपंचांना आणि ग्रामसेवकांना विनंती आहे.